साठ खुर्च्या, आठ टन: नागपुरातल्या एका अभ्यासिकेचा हीट लोड

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका अभ्यासिकेच्या मालकांचा फोन आला. "साहेब, मे महिन्यात पोट्टे वरून भाजून राहिले होते, अन् आता अंग चिकचिक करून राहिलं. चार मशीन लावल्या. अजून किती लावू, ते सांगा." एका एसीवाल्याने त्यांना दोन-दोन टनांच्या आणखी दोन मशीनचं कोटेशन देऊन ठेवलं होतं. ते मंजूर करण्याआधी एकदा कुणाला तरी विचारावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मी दुपारी चार वाजता गेलो. इमारत तीन मजली, अभ्यासिका सर्वांत वर. हॉल १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, ३ मीटर उंच. म्हणजे ९६ चौरस मीटर, साधारण हजार चौरस फूट. लांब भिंत पश्चिमेला, तिच्यात १२ चौरस मीटरच्या स्लायडिंग खिडक्या, साधी ५ मिलिमीटरची काच, बाहेर सज्जा नावालाच. खाली कोचिंग क्लास आणि पूर्वेला ऑफिस, दोन्हीकडे एसी, त्यामुळे त्या दोन बाजूंनी उष्णता येण्याचा प्रश्न नव्हता. उत्तरेला जिना. वर उघडी गच्ची: सव्वाशे मिलिमीटरचा स्लॅब, त्यावर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर), आणि तो कोबा वर्षानुवर्षांच्या शेवाळाने काळा पडलेला. खुर्च्या साठ, आणि त्यातली एकही रिकामी नव्हती.

एसी बसवताना हिशेब कसा केला होता, हे विचारलं. उत्तर अपेक्षितच होतं: "दीडशे-पावणेदोनशे स्क्वेअर फुटांना एक टन." हजार फुटांना सहा टन, म्हणून दीड टनाच्या चार स्प्लिट. हा ठोकताळा मी वाईट म्हणणार नाही. मधल्या मजल्यावरच्या बेडरूमला तो बऱ्यापैकी लागू पडतो. पण बेडरूमच्या शंभर फुटांत एक-दोन माणसं झोपतात, आणि इथे शंभर फुटांत सहा जण बसून अभ्यास करतात. बेडरूमच्या डोक्यावर दुसऱ्याचं घर असतं, इथे नवतपातलं, म्हणजे मेअखेरच्या तापलेल्या नऊ दिवसांतलं आकाश. चौरस फुटांना यातलं काहीच दिसत नाही.

पंचवीस अंशांची खोली टिकवायला दर क्षणाला किती उष्णता बाहेर काढावी लागेल, तो आकडा म्हणजे कूलिंग लोड किंवा हीट लोड. टन हे माप बर्फाच्या धंद्यातून आलं: दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो एक टन, आजच्या मापात ३.५ किलोवॅट. ही उष्णता कुठून येते, कोणत्या वेळी येते, आणि ती नुसती ऊब आहे की वाफ, हे वेगवेगळं लिहिल्याशिवाय मी टनाचा आकडा तोंडातून काढत नाही. या अभ्यासिकेत तर उन्हाळ्याची तक्रार एका कारणाची होती आणि पावसाळ्याची दुसऱ्याच.

आधी बाहेरचं तापमान किती धरायचं, ते ठरवावं लागतं. मालकांना वाटत होतं की सर्वांत तापलेला दिवस धरावा. नागपूरकरांना आठवत असेल, मे २०२४ च्या अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि तो यंत्रातला दोष असल्याचं हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं. खरा असो वा खोटा, विक्रमी दिवसावर मशीन निवडली तर उरलेलं वर्षभर ती गरजेपेक्षा मोठी ठरते. मी मेमधली संध्याकाळी पाचची वेळ घेतली: बाहेर ४३ अंश, ओल्या फडक्याचं तापमान (थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून घेतलेलं, हवा किती कोरडी ते सांगणारं) २३. जुलैसाठी ३२ आणि २७.

छताचा हिशेब सर्वांत जड निघाला. स्लॅब, कोबा, प्लास्टर मिळून त्या छताचा यू-आकडा २.३ येतो, म्हणजे आतबाहेर एक अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरमधून २.३ वॅट आत शिरतात. तुलनेसाठी सांगतो, इको निवास संहितेने (घरांच्या ऊर्जाबचतीची केंद्राची नियमावली) २०१८ मध्ये छताला १.२ ची कमाल मर्यादा घातली. शिवाय फरक फक्त ४३ वजा २५ एवढा नसतो. नागपूर २१ अक्षांशावर आहे, २६ मेच्या सुमारास इथे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर. काळ्या कोब्यावर त्या वेळी जे ऊन पडतं त्याचा परिणाम जणू बाहेरची हवा पंचाहत्तर अंशांची असावी, असा होतो. ही उष्णता लगेच खाली उतरत नाही. जाड छत ती पिऊन ठेवतं आणि पाच-सहा तासांनी, निम्म्याहून कमी जोराने, खाली सोडतं. हे सगळं धरून पाच वाजता परिणामी फरक २८ अंश येतो: २.३ × ९६ × २८, म्हणजे ६.२ किलोवॅट. पावणेदोन टन उष्णता नुसत्या छतातून.

पश्चिमेच्या काचेचं घड्याळ वेगळं. तिच्यावर साडेचार-पाचला दर चौरस मीटर साधारण ५५० वॅट ऊन पडतं आणि साधी काच त्यातलं ८२ टक्के आत सोडते. १२ चौरस मीटरमधून ५.४ किलोवॅट. त्यातला काही भाग फरशी आणि टेबलं शोषून घेतात, म्हणून त्या घटकेला हवेवर पडणारा भार मी ४.३ धरला. काचेतून नुसत्या तापमानामुळे येणारी उष्णता १.२ आणि तिन्ही भिंतींची मिळून २.०.

इथे पहिल्या खेपेला माझीही चूक झाली. घाईत मी प्रत्येक गोष्टीचा कमाल आकडा घेऊन बेरीज मारली: छताचा संध्याकाळी सातचा, काचेचा साडेचारचा, हवेचा दुपारचा. उत्तर साडेआठ टनांच्या वर गेलं. पण सातला काचेवर ऊन नसतं, आणि साडेचारला छताची उष्णता पूर्ण उतरलेली नसते. एकच वेळ धरून, त्या वेळी प्रत्येक गोष्ट किती देते, तेवढंच मिळवायचं. चार, पाच, सहा आणि सात अशा चार वेळा मांडल्या, तेव्हा पाचची बेरीज सर्वांत मोठी आली.

आता माणसं. बसून वाचणारा माणूस ७० वॅट ऊब देतो आणि शिवाय घाम व श्वासातून ४५ वॅटची वाफ. साठ जणांचे ४.२ किलोवॅट ऊब आणि २.७ वाफ. "साहेब, साठ कधीच नसतात," मालक म्हणाले, "पन्नास धरा." मी हजेरीचं रजिस्टर मागितलं. एरवी संध्याकाळी पंचेचाळीस-पन्नासच होते, हे खरं. पण परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात सगळ्या साठ जागा भरलेल्या होत्या, काही दिवस प्लास्टिकच्या खुर्च्याही टाकल्या होत्या. ज्या पंधरवड्यासाठी मुलं वर्षभर फी भरतात, त्याच पंधरवड्यात खोली तापू द्यायची नाही, म्हणून साठच ठेवले. दिवे, वीसेक लॅपटॉप आणि आठ छतपंखे यांचे १.९. पंख्यांची वीज मालकांनाच काय, एसीवाल्यालाही हिशेबात घ्यायची सुचली नव्हती. पंखा हवा गार करत नाही, वारा देतो, आणि त्याची सगळी वीज शेवटी त्याच खोलीत उष्णता होते.

आणि बाहेरची ताजी हवा. तिची सोय इथे मुळातच नव्हती. खिडक्या बंद, दार बंद, मशीन आतलीच हवा फिरवणार. एक माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. साठ जणांचे हजारावर लिटर, आणि खोलीत हवा २ लाख ८८ हजार लिटर. पूर्ण बंद खोलीत हा वायू दर तासाला दहा लाखात साडेतीन हजारांहून जास्त भाग वाढेल. दार अधूनमधून उघडत असल्यामुळे माझ्या मीटरवर त्या दिवशी २,९०० दिसले. बाहेर ते सव्वाचारशेच्या आसपास असतात. दोन मुली मला म्हणाल्या, दुपारी डोकं जड होतं, वाचलेलं लक्षात राहत नाही. त्यांना वाटत होतं, आपलाच अभ्यास कमी पडतो आहे. खोलीच्या हवेचं खापर मुलं स्वतःच्या डोक्यावर फोडत होती. या प्रकरणातली मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच.

माणशी दर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे साधारण १० सीएफएम (मिनिटाला घनफूट) ताजी हवा धरली. साठ जणांना ३०० लिटर. मेमध्ये ती हवा ४३ अंशांची, तिला २५ वर आणायला ६ किलोवॅट लागतात. पण एक चांगलं: मेमधल्या नागपूरच्या हवेत किलोमागे जेमतेम १० ग्रॅम पाणी असतं, आणि २५ अंशांच्या सुखद खोलीतही तेवढंच. वाफेचा भार शून्य.

मे महिन्याची संध्याकाळ पाचची बेरीज: छत ६.२, भिंती २.०, काच १.२ आणि ४.३, माणसं ४.२ आणि २.७, वीज १.९, ताजी हवा ६.०. एकूण २८.५ किलोवॅट. आठ टनांच्या किंचित वर.

आणि होतं काय? दीड टनाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या त्या मशीनची प्रत्यक्ष क्षमता ५ किलोवॅट होती, चार मिळून २०, तीही बाहेर ३५ अंश असताना. आउटडोअर युनिट पश्चिमेच्या भिंतीवर, कलत्या उन्हात. तिथे मी बारा टक्के घट धरली: साडेसतरा. ताजी हवा अजिबात न घेताही भार साडेबावीसचा. म्हणजे मेमध्ये मशीन न थांबता चालायच्या आणि मुलं तरीही भाजायची.

मग जुलैत काय बिनसलं? छत ढगांमुळे थंडावलेलं, काचेवर थेट ऊन नाही. बंद खोलीचा भार १४ किलोवॅट, मशीन २०. मशीन मोठ्या ठरल्या. थर्मोस्टॅट पटकन समाधानी होतो, कॉम्प्रेसर बंद पडतो, ब्लोअर मात्र फिरत राहतो, आणि कॉइलवर जमलेलं पाणी ड्रेनमध्ये जायच्या आधीच पुन्हा हवेत मिसळतं. खोली २४ अंश, तरी वह्यांची पानं मऊ पडलेली. त्यात आणखी चार टन घातले असते तर मे सुधारला असता आणि जुलै बिघडला असता. एअर कंडिशनिंगचा जन्मच मुळात पाण्याच्या तक्रारीतून झाला: १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमटपणामुळे कागद फुगत-आखडत होता, रंग एकावर एक नीट बसत नव्हते, त्यासाठी विलिस कॅरिअर यांनी पहिली यंत्रणा आखली. आपल्या बाजारात मात्र एसी म्हणजे फक्त गारवा.

जुलैत ताजी हवा घेतली तर गणित पार पालटतं. बाहेरच्या हवेत किलोमागे २१ ग्रॅम पाणी, आत १० हवं. ३०० लिटर हवेबरोबर तासाला तेराएक लिटर पाणी आत येतं. ते काढायलाच ९.२ किलोवॅट. माणसांची वाफ धरून ११.९. ऊब १३.८. एकूण पावणेसव्वीस किलोवॅट, म्हणजे मेपेक्षा फार कमी नाही, पण जवळपास निम्मा भार पाण्याचा. साधी स्प्लिट आपल्या ताकदीचा पाऊण भाग ऊब काढण्यात घालवते, तिच्याकडून एवढं पाणी निघत नाही.

बोलता बोलता मालकांनी एक कल्पना मांडली, आणि ती विदर्भातल्या कुणालाही सुचेल अशीच होती. "मेमध्ये ताजी हवा कूलरमधून घेऊ ना. वाळ्याची ताटी लावू, हवा सत्तावीसची होऊन येईल, एसीला आराम." कूलरमधून ती हवा खरंच २७ अंशांची होऊन येते. पण तापमानाचे सोळा अंश कुठे जात नाहीत. त्यांची वाफ होते. दहा ग्रॅमची हवा सतरा ग्रॅमची होते आणि ते सात ग्रॅम परत काढायला एसीला तेवढीच ताकद लागते. सहा किलोवॅट आले तसे सहाच राहतात, फक्त ऊब होती त्याची वाफ झाली. कूलर उघड्या खिडकीच्या घरात राजा आहे, तिथे ओली हवा बाहेर निघून जाते. बंद एसी खोलीत त्याचा उपयोग नाही. हे कागदावर आकड्यांनी दाखवलं तेव्हाच त्यांना पटलं.

मग मशीन वाढवण्याऐवजी भार उतरवायचं ठरलं. गच्ची आधी घासून धुतली आणि पांढरा परावर्तक रंग दोन हात मारला. मला खरं तर वर ५० मिलिमीटरचं एक्सपीएस (फोमच्या फळ्यांचं) इन्सुलेशनही हवं होतं, त्याने छताचा भार एक किलोवॅटच्या आत आला असता. पण गच्ची सामायिक, पातळी वाढली तर पाणी तुंबेल अशी बाकी गाळेधारकांची हरकत आली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. नुसत्या रंगाने ६.२ चे ३.५ झाले. खिडक्यांना बाहेरून बांबूच्या चिका लावल्या. आतून पडदा लावला तर ऊन काचेच्या आत येऊन पडदाच तापतो, आणि ती उष्णता खोलीतच राहते. चीक बाहेर तापते आणि वारा ती उष्णता नेतो. ४.३ चे १.१. पंखे बदलून कमी वीज खाणारे बीएलडीसी घेतले, तिथे ०.३ वाचले. सगळ्यांत महाग गोष्ट होती ईआरव्ही: बाहेर जाणारी आतली गार कोरडी हवा आणि आत येणारी ताजी हवा यांच्यात ऊब व ओलावा यांची देवाणघेवाण करणारं युनिट. मालक बराच वेळ त्याच्या किमतीकडे बघत राहिले. मी त्यांना २,९०० चा आकडा पुन्हा दाखवला. युनिटने बासष्ट टक्के परतफेड केली तर मेमधले ६.० चे २.३ होतात आणि जुलैचे, ऊब आणि वाफ मिळून, ११.६ चे ४.४.

नवी बेरीज: मे साडेअठरा किलोवॅट, सव्वापाच टन. जुलै साडेसोळा. चार जुन्या मशीन मेमध्ये थोड्याच कमी पडत होत्या, म्हणून दीड टनाची एकच इन्व्हर्टर मशीन वाढवली आणि आउटडोअर युनिट उत्तरेच्या सावलीत हलवले. चार टनांच्या कोटेशनऐवजी दीड टन. जुलैसाठी सूचना अशी दिली, की गर्दी कमी असेल तेव्हा पाचही मशीन चालू करायच्या नाहीत. तीन लावा आणि त्यांना सतत चालू राहू द्या, म्हणजे पाणी ड्रेनला लागेल.

हिवाळ्याचा हीटिंग लोडही काढला, कारण मुलं सकाळी सहाला येतात आणि डिसेंबरात कुणी हीटर आणेल अशी शंका होती. गणित तेच, उलट दिशेने. बाहेर १२, आत २२ धरले तर छत, भिंती आणि काचेतून ४.३ किलोवॅट जातात, ताजी हवा आणखी ३.६ नेते, साठ मुलं, दिवे आणि लॅपटॉप मिळून ५.६ देतात. सव्वादोन किलोवॅट कमी पडतात, आणि ईआरव्ही हवेतून तेवढेच परत आणतं. हीटर लागणार नाही, फक्त पंखे बंद.

पुढच्या मेमध्ये दोनदा जाऊन आलो. संध्याकाळी पाचला खोली २५ ते २६ च्या दरम्यान होती. सातला मात्र ती अर्धा-एक अंश वर चढायची, छत तेव्हा खरं बोलायला लागतं. इन्सुलेशनचा विषय मी सोडलेला नाही. रंगावर एप्रिलपर्यंत धूळ बसते आणि परावर्तन घटतं, म्हणून मार्चअखेरीस गच्ची धुण्याचं काम त्यांनी वर्षाच्या वेळापत्रकात घातलं. एका मुलाने उजेडासाठी एक चीक गुंडाळून ठेवली होती, त्या टेबलापाशी उन्हाचा पट्टा पडून कडेचे चार जण वैतागले होते. ती त्याने स्वतःच सोडली.

जुलैत मी पाचही ड्रेन पाइप एका बादलीत सोडायला सांगितले. वाफेचा भार मोजायला याहून साधं साधन नाही: दर लिटर पाण्यामागे एसीने सुमारे ०.७ युनिट एवढी उष्णता हवेतून काढलेली असते. माझ्या हिशेबाने पूर्ण भरलेल्या खोलीत तासाला नऊएक लिटर पडायला हवं होतं. आदल्या वर्षी, खोली बंद असताना, चार मशीन मिळून दोन लिटरसुद्धा नीट पडत नव्हतं. या वेळी एका सायंकाळी छप्पन मुलं बसली होती, कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवर साडेतेराशे दिसत होते, आणि तासाभरानंतर मालकांनी मोजपात्राने बादली मोजली: आठ लिटर आणि वर थोडं.